मोडीत निघालेल्या वस्तूंचा वाली

दिवे, अडकित्ते, कुलपे, दौती, वज्री, सोऱ्या... घराघरांतून हद्दपार होत चाललेल्या या वस्तू साठ वर्षांहून अधिक काळ जमवणारे आणि अखेर समाजाच्या स्वाधीन करणारे कवी-संग्राहक डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांच्या आयुष्याचा हा मागोवा.

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेत 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' अशी पाटी असलेली इमारत आहे. ती पाटी वाचून बाहेरगावच्या पाहुण्याचा हटकून एक समज होतो. दिनकर केळकर नावाचे कोणी संस्थानिक होऊन गेले असावेत आणि त्यांच्या राजवाड्यातील ऐवज येथे मांडला असावा, असे त्याला वाटते. आत गेल्यावर मात्र सिंहासन दिसत नाही, की रत्नजडित मुकुट दिसत नाही. दिसतात ते दिवे, सुपारी कातरण्याचे अडकित्ते, शेवया पाडण्याचे साचे, पाय घासण्याच्या वज्री आणि लहान मुलांची खेळणी. हा ऐवज कोणत्याही राजाचा नव्हे, तर तुमच्या-आमच्या पणजी-खापरपणजीचा आहे, हे लक्षात यायला दोन दालने पुरेशी होतात.

दिनकर केळकर राजे नव्हते. ते पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय करणारे एक मध्यमवर्गीय गृहस्थ होते. पाटीवरचा 'राजा' हे त्यांच्या मुलाचे नाव आहे. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बालवयातच गेला. त्याच्या स्मृतीसाठी बापाने उभे केलेले हे स्मारक आहे. राजवाड्याचा भास करून देणाऱ्या त्या तीन शब्दांमागे एका घरातले दुःख दडलेले आहे, हे बहुतेक पाहुण्यांना ठाऊक नसते.

कवी अज्ञातवासी

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६चा. लोकमान्य टिळकांचे पुणे त्यांनी ऐन तारुण्यात पाहिले. मराठी कवितेला तेव्हा बहर आला होता. गोविंदाग्रज आणि बालकवी यांच्या कवितेने तरुण मने भारली होती. पुढे १९२३मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि काव्यगायनाला गर्दी लोटू लागली. त्या वातावरणात केळकरही कविता लिहू लागले. त्यांनी टोपणनाव घेतले ते 'अज्ञातवासी'. पुढच्या काळात लोकांनी त्यांना 'काका' या घरगुती नावाने ओळखले, पण जुन्या वाचकांच्या लेखी ते दीर्घकाळ अज्ञातवासीच राहिले.

हे टोपणनाव त्यांच्या पुढील आयुष्याला विलक्षण शोभून दिसते. कारण ज्या कारागिरांच्या वस्तू त्यांनी जन्मभर जमवल्या, ते सारे अज्ञातवासीच होते. देवळातील मूर्तीवर कधी शिल्पकाराचे नाव सापडते, चित्राखाली चित्रकाराची सही असते. पण अडकित्त्याच्या मुठीवर पोपट कोरणाऱ्या लोहाराचे नाव कोण लिहून ठेवणार? समईच्या शिरावर मोर बसवणारा ओतारी कोण होता, याची नोंद कोणत्या बखरीत असणार? नाव नसलेल्या या हातांची कामगिरी जपण्याचे काम, स्वतःचे नाव झाकून लिहिणाऱ्या एका कवीने अंगावर घेतले.

त्या काळातील पुण्यात इतिहासाचे वेड होतेच. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवरून जुनी दप्तरे गोळा करत होते. १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली होती आणि कागदपत्रांचे मोल सुशिक्षितांना कळू लागले होते. कागदांतून राज्यकारभार कळतो, लढाया कळतात, वतनांचे तंटे कळतात. मात्र ज्या दिव्याच्या उजेडात तो कागद लिहिला गेला आणि ज्या दौतीत बोरू बुडवला गेला, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. तलवारी आणि दागिने लोक जपत. दिवे आणि दौती मोडीत जात. राजवाड्यांनी माळ्यावरचे रुमाल वाचवले. केळकरांनी त्याच माळ्यावरची भांडीकुंडी वाचवली, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

उजेड बदलला तेव्हा

केळकरांच्या संग्रहाला सुरुवात झाली ती १९२०च्या सुमारास. या काळाला महत्त्व आहे. घरातला उजेड नेमका याच सुमारास बदलत होता. तेलाचे दिवे मागे पडून रॉकेलचे कंदील आले होते. ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोचला आणि शहरांत विजेचे दिवे लागले. समई देवघरात टिकली, निरांजन आरतीपुरते उरले. पण रोजच्या वापरातली ठाणवई, साखळीने टांगलेला लामणदिवा, हाती ओंजळभर दिवा धरून उभी असलेली दीपलक्ष्मी यांचे प्रयोजन संपत आले. पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून ठेवलेली वस्तू एका पिढीत निरुपयोगी ठरली.

निरुपयोगी पितळेचे काय होते, हे महाराष्ट्रातील प्रत्येक घराला माहीत आहे. जुने भांडे वजनावर जाते. कासार ते मोड म्हणून तागडीत टाकतो, त्याचे पैसे किंवा नवे भांडे देतो आणि मोड भट्टीत जाते. मोडीला कारागिरीचा भाव नसतो. भाव असतो तो फक्त धातूचा. दोन शेर वजनाचा साधा हंडा आणि दोन शेर वजनाची नक्षीदार दीपलक्ष्मी यांची किंमत तागडीत सारखीच. नंतर स्टेनलेस स्टील आले आणि हा ओघ आणखी वाढला. त्यातच संस्थाने विलीन झाली, इनामे गेली, मोठी कुटुंबे विभक्त झाली, वाडे पडू लागले. चार भावांच्या वाटण्यांत जमीन वाटली गेली आणि माळ्यावरची अडगळ बाजारात गेली.

त्या ओघाच्या मध्यावर केळकर उभे राहिले. वस्तू भट्टीत जाण्यापूर्वी ती हाती लागायला हवी, एवढाच अवधी त्यांच्यापाशी होता. आज चुकलेली वस्तू उद्या मिळेल, अशी शक्यता नव्हती. कारण उद्या तिची पितळी लगड झालेली असे.

त्यांच्या वेगाचा अंदाज एका हिशेबावरून येतो. १९६०पर्यंत त्यांच्या संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५ हजारांवर गेली होती. चाळीस वर्षांचे दिवस मोजले तर ते साधारण साडेचौदा हजार भरतात. म्हणजे चाळीस वर्षे, सरासरीने, दररोज एक वस्तू. पाठीशी संस्थानाचा खजिना नाही, सरकारी अनुदान नाही आणि पोट भरायचे ते चष्म्यांच्या व्यवसायावर. त्या घरातला पैसा कोठे जात होता, हे वेगळे सांगायला नको.

कमलाबाईंचा वाटा

अशा वेडाची गोष्ट सांगताना घरातल्या बाईचा उल्लेख शेवटी एका ओळीत उरकण्याची रीत आहे. केळकरांच्या बाबतीत तसे करणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या पत्नी कमलाबाई या संग्रहाच्या कामात आयुष्यभर त्यांच्या बरोबरीने राहिल्या. महाराष्ट्रातील गावे, गुजरात, राजस्थान, दक्षिण भारत अशी भटकंती होत होती. शहरांपासून दूर असलेल्या वस्त्यांपर्यंत ही पायपीट जात होती. आणलेली प्रत्येक वस्तू राहत्या घरातच ठेवायची होती. पंधरा हजार वस्तूंनी भरलेल्या घरात संसार करणे म्हणजे काय, याची कल्पना गृहिणींनाच चांगली येईल.

संग्रहाचे स्वरूप पाहिले तर त्यात स्त्रियांच्या जगाला मिळालेले स्थान डोळ्यांत भरते. पुराणवस्तू म्हणजे शस्त्रे, नाणी आणि मूर्ती अशी त्या काळची समजूत होती. येथे शस्त्रे आहेत, वाद्ये आहेत, कोरीव दरवाजे आणि चित्रकथीची चित्रेही आहेत. परंतु त्यांच्या बरोबरीने स्वयंपाकघर आहे. शेवया आणि कुरडया पाडण्याचे सोरे आहेत, किसण्या आहेत, मसाल्याचे डबे आहेत. करंडे आहेत, फण्या आहेत, सोंगट्यांचे पट आहेत. न्हाणीघरातील वज्रीसुद्धा आहे. ही वज्री खास बघावी अशी. टाचेच्या भेगा घासण्याची ही वस्तू खालून खरखरीत असते. पण वरची मूठ मात्र पक्षी किंवा प्राणी यांच्या आकाराची. काहींना लहान घुंगरे असतात. न्हाणीघराच्या अंधारात, कोणी पाहत नसताना, पायाचा मळ काढण्याच्या वस्तूलाही देखणेपण देणारा समाज कसा असेल, हा प्रश्न ती वज्री विचारते.

अडकित्त्यांचेही तसेच. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळ पुरे. पण कारागिराने त्या पात्यांचा कधी घोडा केला, कधी पोपट, तर कधी समोरासमोर उभे असलेले जोडपे. मुठी मिटल्या की जोडपे जवळ येते, उघडल्या की दूर होते. कुलपांतही हीच गंमत. प्राण्यांच्या आकाराची कुलपे, किल्लीचे भोक सहजी सापडू नये अशी रचना, एका किल्लीने न उघडणारी युक्ती. दिव्यांत तर कल्पकतेला सीमाच नाही. काही लामणदिव्यांत पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोटात तेल साठवण्याची सोय असे, जेणेकरून दिवा दीर्घकाळ तेवत राहावा. केळकरांनी दिव्यांचा नुसता साठा केला नाही, अभ्यासही केला. भारतातील दिव्यांवरचे त्यांचे 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१मध्ये प्रसिद्ध केले.

दालनात उभा राहिलेला महाल

संग्रहातील बहुतेक वस्तू हातात मावणाऱ्या आहेत. एक मात्र चक्क महाल आहे. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी १७३४मध्ये कोथरूडला स्वतंत्र निवास बांधल्याचे सांगितले जाते. कर्वे रस्त्यावरील मृत्युंजयेश्वराच्या देवळाचा परिसर ही त्याची जागा. काळाच्या ओघात तो मोडकळीस आला. त्याचे कोरीव लाकूडकाम सुटे करून केळकरांच्या संग्रहात आणले गेले आणि संग्रहालयातील एका दालनात ते पुन्हा उभे केले गेले. 'मस्तानी महाल' म्हणून ते दालन आज प्रसिद्ध आहे.

जुनी वस्तू जमवणे आणि ती पुन्हा उभी करणे यांतला फरक या दालनात कळतो. जमवायला नजर आणि पैसा लागतो. पुन्हा उभे करायला वस्तूची मूळ रचना समजून घ्यावी लागते. कोणता खांब कोठे होता, कोणती तुळई कोणत्या कमानीवर टेकली होती, हे कळल्याशिवाय लाकडाच्या ढिगाचा महाल होत नाही. छोट्या वस्तूंनाही हाच न्याय लागू आहे. चिंचेने आणि राखेने घासून पितळ लखलखीत करणे हा गृहिणीचा धर्म. परंतु जुन्या दिव्याला रोज असे घासले तर दहा-वीस वर्षांत मोराची पिसे झिजून जातात. वापरातल्या वस्तूची स्वच्छता वेगळी आणि जपलेल्या वस्तूची निगा वेगळी.

नवाब आणि चष्मेवाले

भोकर-नांदेडकडील जुन्या पिढीला संग्रहालय म्हटले की पुणे आठवत नाही. आठवते ते हैदराबादचे सालारजंग. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मोठे शहर म्हणजे हैदराबाद. मीर युसूफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १८८९चा आणि मृत्यू १९४९चा. केळकर त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. दोघेही एकाच काळातले आणि दोघांनाही संग्रहाने झपाटलेले. सालारजंग निजामाचे दिवाण होते. त्यांच्या घराण्याने संगमरवरी पुतळे, घड्याळे, चिनी मातीची भांडी अशी जगभरातील उंची दौलत आणली. त्यांच्या मागे १९५१मध्ये त्यांच्याच देवडीत संग्रहालय सुरू झाले.

केळकरांपाशी देवडी नव्हती आणि दौलतही नव्हती. त्यामुळे कदाचित त्यांची नजर युरोपकडे गेली नाही. ती शेजारच्या आळीतील कासाराच्या दुकानावर पडली. सालारजंग पाहून माणूस थक्क होतो. केळकर संग्रहालय पाहून तो ओळखीचे हसतो, कारण येथील एखादी वस्तू त्याच्या आजीकडे होती. नवाबाच्या श्रीमंतीने जे साधले नसते, ते चष्मे विकणाऱ्या माणसाच्या मर्यादित कमाईने साधले.

मराठवाड्यातही या वाटेने गेलेले लोक आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीतून निघालेले प्राचीन अवशेष जमवले. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरला उभे आहे. लामतुरे काय किंवा केळकर काय, त्यांनी आधी आपल्या पायाखाली पाहिले.

देऊन टाकण्याचा निर्णय

संग्राहकाच्या आयुष्यात सर्वांत कठीण प्रसंग येतो तो वस्तू मिळवण्याचा नव्हे, सोडण्याचा. वारस नसलेला किंवा वारसांना रस नसलेला संग्रह मालकाच्या मागे लिलावात फुटतो, हे जगभर घडत आले आहे. दिवे एकाकडे, दारे दुसऱ्याकडे, वाद्ये तिसऱ्याकडे आणि उत्तम ते परदेशात. ज्या मोडीतून वस्तू वाचवल्या, त्याच मोडीत त्या दुसऱ्या वाटेने परत जातात.

केळकरांनी ही वेळ येऊ दिली नाही. आपला सारा संग्रह त्यांनी हयातीतच महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या वेळेपर्यंत अनेक वस्तूंना बाजारात मोठे मोल आले होते. मोडीच्या भावाने कोणी न विचारलेली दीपलक्ष्मी आता दिवाणखान्याची शोभा ठरत होती. एकेक वस्तू विकली असती तरी उतारवय सुखात गेले असते. त्यांनी विकले काही नाही. नाव मात्र मागून घेतले आणि तेही स्वतःचे नव्हे, मुलाचे. राजा मोठा झाला असता तर बापाच्या या अडगळीचे त्याने काय केले असते, हे कोणी सांगू शकत नाही. पण त्याच्या नावाने ती अडगळ महाराष्ट्राच्या मालकीची झाली.

पुणे विद्यापीठाने केळकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, केंद्र सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १९९०मध्ये वयाच्या ९५व्या वर्षात त्यांचे निधन झाले. संग्रहातील वस्तूंची संख्या पुढे वीस हजारांच्या वर गेली. इमारतीत एका वेळी मांडता येतात त्या सुमारे अडीच हजार. उरलेल्या वस्तू कोठारात आहेत. म्हणजे त्या भट्टीतून सुटल्या, पण अंधारातून अजून सुटलेल्या नाहीत. एका माणसाने जमवलेले दाखवायला एका राज्याला जागा पुरत नाही, ही बाब अभिमानाची मानायची की संकोचाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आजची मोड

केळकरांचे आयुष्य आज वाचायचे ते एवढ्यासाठी, की मोडीचा ओघ थांबलेला नाही. त्यातल्या वस्तू फक्त बदलल्या आहेत. पितळेच्या जागी प्लॅस्टिक, काच आणि तांब्याची तार आली आहे. १९७७मध्ये ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीने दोन इंची पडद्याचा खिशात मावणारा टीव्ही काढला. १९८२मध्ये जपानच्या सोनीचा 'वॉचमन' आला. त्याच वर्षी भारतात दूरदर्शन रंगीत झाले. क्रिकेटच्या सामन्यांसाठी परदेशातून कोणी आणलेला असा हातात धरायचा टीव्ही तेव्हा अप्रूपाचा विषय असे. अमेरिकेत २००९मध्ये, ब्रिटनमध्ये २०१२मध्ये जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण थांबले. भारतातही २०२२पर्यंत दूरदर्शनची जवळपास सारी जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे बंद झाली. असा टीव्ही आज चालू केला तर पडद्यावर फक्त मुंग्या दिसतात. यंत्र बिघडलेले नसते. त्याला भेटायला येणारी लहरच हवेतून गेलेली असते.

परदेशांत आणि आपल्याकडेही काही हौशी मंडळी हे छोटे टीव्ही जमवतात, बॅटरीने गंजलेली टोके साफ करतात, सुकलेले कपॅसिटर बदलतात आणि मॉड्युलेटरमधून संदेश पुरवून त्या दोन इंची पडद्यावर पुन्हा चित्र उमटवतात. शेजाऱ्यांना ते वेड वाटते. १९२०मध्ये लामणदिवा विकत घेणारा चष्मेवालाही शेजाऱ्यांना शहाणा वाटला असेल, असे मानायला जागा नाही.

दोन मोडींत एक फरक आहे. लामणदिव्यात तेल-वात घातली की तो दोनशे वर्षांनीही उजळतो. खिशातला टीव्ही नुसता जपून भागत नाही. त्याला लागणारी लहरही कोणीतरी जिवंत ठेवावी लागते. पुढच्या काळातील केळकरांचे काम त्यामुळे अधिक अवघड आहे, आणि त्यांना मिळणारा अवधी अधिक थोडा. माळा आवरायला काढण्यापूर्वी, भंगारवाल्याची हाक ऐकून पायऱ्या उतरण्यापूर्वी, हातातल्या वस्तूकडे एकदा नीट पाहण्याची सवय लागली तरी नातूबागेतल्या त्या संग्रहालयाने आपले काम केले असे होईल.